जावई आणि अकरा शाखांची यादी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ८.१०

आजपासून रोज लिहिणार. आमच्या टीमचे प्रमुख, लीडसाहेब, शुक्रवारी रिटायर झाले, खुर्ची रिकामी आहे. महिनाअखेर ठरवू, असं कंपनीचे साहेब म्हणाले. सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन लॅबच्या अकराही शाखांमध्ये नीट गेलं की मग. म्हणजे माझंच ठरलं आहे, फक्त जाहीर व्हायचं बाकी. सतरा वर्षं इथल्या सगळ्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने पाळायचे हुकूम, मीच लिहितो. दुसरं आहे कोण? टेस्टरबाई आहेत. पण त्यांना स्क्रिप्ट लिहिता कुठे येते! त्यांना फक्त दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधल्या चुका दिसतात.

संकल्प: १. साडेपाचला उठणे. २. डॉक्युमेंटेशन वाचून मगच काम करणे. ३. चिडायचं नाही. लीड माणूस चिडत नाही.

(आज सव्वासातला उठलो. सुरुवात उद्यापासून.)

सोमवार, संध्याकाळी ६

कामाचं स्वरूप लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भाषणात उपयोगी पडेल. रक्त तपासणीच्या आमच्या अकरा शाखा. प्रत्येकीत एक सर्व्हर, त्यावर आमचं सॉफ्टवेअर. शाखा दुपारी तीन ते चार बंद असतात, त्या तासाभरात नवीन व्हर्जन सगळीकडे घालायचं. पूर्वी मी एकेका शाखेत शिरून हाताने करत असे. आता कंपनीने बाहेरून एक डिप्लॉयमेंट टूल आणलं आहे. त्याला शाखांच्या नावांची यादी द्यायची, ते माझ्या स्क्रिप्टला बोलावणार, यादी हातात देणार, आणि स्क्रिप्ट काम करणार. एवढंच.

मी टूलचं नाव जावई ठेवलं आहे. बाहेरून आलेला, सगळं ऑफिस त्याची मर्जी सांभाळतं, आणि काही बिनसलं तर चूक आपल्याच मुलीची. टेस्टरबाई खूप हसल्या. त्यांना माझा विनोद कळतो, हे मान्य करायला हवं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

स्क्रिप्ट तयार. एकशे बारा ओळी. अकरा नावं स्वल्पविराम देऊन हाताने टाइप केली, एंटर दाबलं, अकराही शाखांमध्ये चाचणीची छोटी फाइल पोचली. शेवटी स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'सर्व शाखा यशस्वी'. हे वाक्य मी स्वतः घातलं आहे. मधल्या एरर दाखवणं बंद केलं आहे. स्क्रीनभर लाल अक्षरं पळायला लागली की माझं बीपी वाढतं, आणि बघणाऱ्यालाही उगाच शंका येते.

डॉक्युमेंटेशन वाचलं नाही. दोनशे चाळीस पानं आहेत. चालत्या गोष्टीचं काय वाचायचं?

उद्या साहेबांसमोर डेमो, जावयाकरवी. निळा शर्ट.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी ३.२०

डेमो झाला!! बटण दाबल्यापासून दोन सेकंदांत हिरवी टिक आणि 'सर्व शाखा यशस्वी'. हाताने केलं तेव्हा सहा मिनिटं लागली होती. साहेबांनी वेगाबद्दल विचारलं, मी म्हटलं की ऑप्टिमायझेशन केलंय. साहेबांनी पाठीवर थाप मारली.

टेस्टरबाई म्हणाल्या की दोन सेकंद म्हणजे फारच कमी झाले, एकदा शाखांत डोकावून बघते. मी म्हटलं की खुशाल बघा.

बुधवार, संध्याकाळी ५.४५

एकाही शाखेत आजची फाइल नाही. अकरापैकी शून्य.

टेस्टरबाईंनी हे मला बाजूला घेऊन सांगितलं, अगदी हळू आवाजात. चारचौघांत सांगितलं असतं तर निदान प्रतिवाद करता आला असता. हळू आवाजात सांगितल्यामुळे ऐकून घ्यावं लागलं. ही त्यांची जुनी खुबी.

मग त्यांनीच साहेबांनाही सांगितलं. तोंडावर मदत आणि पाठीमागे बातमी. चिडलो नाही. फक्त दार थोडं जोरात लागलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कारण सापडलं. दोष जावयाचा आहे, हे सुरुवातीलाच नोंदवतो. मी हाताने टाइप करतो तेव्हा स्वल्पविराम दिलेली अकरा नावं म्हणजे अकरा नावं. जावई मात्र ती सगळी एका दमात, एकच लांबलचक शब्द समजून स्क्रिप्टच्या हातात देतो. म्हणजे स्क्रिप्ट बिचारी अकरा शाखा शोधत नाही. एकच शाखा शोधते, जिचं नाव एकशे चाळीस अक्षरांचं आहे. अशी शाखा पृथ्वीवर नाही. स्क्रिप्टला ती मिळाली नाही, तिने तसं सांगितलंही असेल, पण लाल अक्षरं मी बंद केली होती. मग तिने ठरल्याप्रमाणे 'सर्व शाखा यशस्वी' म्हटलं आणि झोपी गेली.

घरी सौ.ला सगळं समजावून सांगितलं. सौ. फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. कॉम्प्युटरमधलं तिला ओ की ठो कळत नाही, म्हणून तिला समजावून सांगायला बरं वाटतं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, की अहो, पण काही झालं नाही तरी यशस्वी म्हण, असं तिला शिकवलं कोणी? तिचे पेशंटही म्हणे सगळा व्यायाम केला म्हणून मान डोलावतात. ती कधीच विश्वास ठेवत नाही, तिथेच गुडघा वाकवून दाखवायला लावते.

घरातूनसुद्धा पाठिंबा नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

संकल्प: सौ.शी ऑफिसचं काही बोलायचं नाही.

स्वल्पविराम काढून टाकले. नावांमध्ये नुसत्या मोकळ्या जागा. तीन वाजता जावयाला सोडलं.

एक शाखा झाली. यादीतली पहिली. उरलेल्या दहा नावांकडे स्क्रिप्टने ढुंकूनही पाहिलं नाही. पहिलं नाव आत घेतलं आणि दार लावलं, बाकीची दहा बाहेर उभी.

तरी शून्यावरून एकवर आलो. प्रगती आहे. साहेबांना मेल केला की काम प्रगतिपथावर आहे. साहेबांचं उत्तर आलं: किती शाखा? मी उत्तर दिलं की सोमवारी सविस्तर बोलू.

सोमवार, १० फेब्रुवारी

साडेपाचचा अलार्म वाजला. सौ.ने बंद केला. सकाळी उशीर झाला तो तिच्यामुळे.

स्वल्पविराम परत घातले आणि सगळी यादी अवतरण चिन्हांत घालून पाहिली. पुन्हा एकशे चाळीस अक्षरांची शाखा. पुन्हा 'सर्व शाखा यशस्वी'. हे वाक्य आता वाचवत नाही.

दुपारी टेस्टरबाई टेबलाशी आल्या. म्हणाल्या की त्यांनी डॉक्युमेंटेशनचं पान सत्याण्णव वाचलंय. बाहेरचं टूल यादी देतं ती नेहमी एका साध्या मजकुरासारखीच येणार, आपल्या स्क्रिप्टनेच ती स्वल्पविरामापाशी तोडून घ्यायची. आणि तोडल्यावर प्रत्येक नावाच्या आजूबाजूची मोकळी जागा कापायची. मी म्हटलं की बघतो. म्हणजे बघणार नाही. माझी स्क्रिप्ट कशी असावी हे आता सत्याण्णव नंबरचं पान ठरवणार का?

साडेचारला टेस्टरबाई साहेबांच्या केबिनमध्ये. दार बंद. पंचवीस मिनिटं. काचेतून दिसत होतं, साहेब काहीतरी समजावत होते आणि बाई मान हलवत होत्या. एकदा माझ्या टेबलाकडे हातही केला. बाहेर आल्यावर मला बघून हसल्या.

डाव कळला. खुर्ची हवी आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रात्रभर विचार केल्यावर मला स्वतंत्रपणे असं सुचलं, की यादी स्वल्पविरामापाशी तोडावी. घातलं. मोकळ्या जागा कापण्याचं मात्र घातलं नाही. ते बाईंचं झालं असतं.

तीन वाजता: पुन्हा एकच शाखा. पहिली.

का? तर यादीत प्रत्येक स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा आहे. त्यामुळे दुसऱ्यापासून प्रत्येक नावाच्या आधी ती जागा चिकटून येते. जागा चिकटलेल्या नावाची शाखा सापडत नाही. मी ओरडून विचारलं की यादी जावयात भरली कोणी. टेस्टरबाई म्हणाल्या की बघून सांगते. मग म्हणाल्या की राहू द्या. मग मीच उघडून पाहिलं.

मी भरली होती. पण स्वल्पविरामानंतर जागा सोडणं हा सुशिक्षित माणसाचा संस्कार आहे. जावयाला तो नाही, त्याला मी काय करू?

बुधवार, १२ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. रजा. सौ.ने मान दाबून पाहिली, म्हणाली की मान ठीक आहे, ती वाकत नाही एवढंच. यात टोमणा होता का, हे ठरवण्यात सकाळ गेली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. दुपारी ४.०५

अकराच्या अकरा!!!

काल पडल्या पडल्या सुचलं. या सगळ्या त्रासाचं मूळ काय? यादी. जावयाने द्यायची, स्क्रिप्टने घ्यायची, मध्ये भांडण. मग घ्यायचीच कशाला? अकराही नावं मी सरळ स्क्रिप्टच्या आतच लिहून टाकली. आता जावई एकच शब्द देवो, अकरा देवो, नाहीतर पत्ता देवो, माझी स्क्रिप्ट ऐकणार नाही. यादी घ्यायची जागा शोभेपुरती तशीच ठेवली आहे. जावयाला वाटू दे की घरात आपलं ऐकतात.

आत काय केलंय ते कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं की लोक चोरतात. साहेबांना एवढंच म्हटलं की प्रश्न मुळापासून सुटला. साहेब खरंच खूश झाले. म्हणाले की मग सोमवारी नवीन व्हर्जनची तयारी सुरू करू, मंगळवारी सगळीकडे घालू. टेस्टरबाईंनीही अभिनंदन केलं. विचारलं की जागा कापल्यात ना? मी म्हटलं की त्याहून वरचं केलंय.

घरी जाताना सौ.साठी फुलं घेतली. आयुष्यात असा दिवस क्वचित येतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लीड झाल्यावरच्या भाषणाचे मुद्दे काढले. टेस्टरबाईंचे आभार मानावेत का? मोठेपणा म्हणून एक वाक्य.

सोमवार, १७ फेब्रुवारी. सकाळी १०.१५

फोन सारखा वाजतोय, जमेल तसं लिहितो.

ऑफिसात पाण्याच्या कूलरशेजारी एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याला आम्ही नमुना शाखा म्हणतो. खऱ्या शाखांत काही घालण्याआधी टेस्टरबाई तिथे घालून बघतात. तिथे पेशंट नसतात, त्यामुळे वेळेचं बंधन नाही. नऊ वर्षं त्यांची हीच पद्धत. आज सकाळी नऊला त्यांनी जावयाच्या यादीत एकच नाव लिहिलं, नमुना शाखा, आणि बटण दाबलं.

स्क्रिप्टने यादी वाचली नाही. ती वाचतच नाही. तिने नवीन व्हर्जन अकराही खऱ्या शाखांत घालायला घेतलं. नमुना शाखेत मात्र घातलं नाही, ती माझ्या अकरांत नव्हती.

नवीन व्हर्जन बसायला चाळीस मिनिटं लागतात, तोवर काउंटर बंद. सकाळी नऊला आमच्या शाखांत कोण असतं? काल रात्रीपासून काही न खाल्लेली माणसं. अकरा शाखांत तीनशेच्या वर. ना चहा, ना बिस्किट, आणि खिडकीवर 'कृपया थांबा'. एका शाखेत एकीला चक्कर आली. एका शाखेत काउंटरवाल्याच्या अंगावर पावती पुस्तक आलं. चौथ्या शाखेत रांगेत साहेबांच्या आई होत्या.

जावयावर हिरवी टिक. 'सर्व शाखा यशस्वी'. आज नेमकी स्क्रिप्ट खरं बोलली.

सोमवार, दुपारी २

शांतपणे विचार केला. यात माझी चूक नाही. मी स्क्रिप्ट मंगळवारी तीन वाजता चालवण्यासाठी लिहिली होती. सोमवारी नऊला ती चालवली कोणी? मला न विचारता चालवली कोणी? प्रश्नातच उत्तर आहे.

हा अपघात वाटत नाही. केबिनमधली पंचवीस मिनिटं आठवा. ते हसणं आठवा. केसाने गळा कापला माझा. नऊ वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, आणि शेवटी हे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

साहेबांना पत्र लिहिलं. दोन पानं. विषय: टेस्टरबाईंनी हेतुपुरस्सर केलेला विश्वासघात. मुद्दे: त्यांना पदाचा मोह आहे, त्या माझं काम सतत खोडून काढतात, पूर्वपरवानगी न घेता त्यांनी बटण दाबलं, त्या केबिनमध्ये जाऊन माझ्याविरुद्ध कान भरतात. 'केबिनमध्ये जाऊन'च्या ठिकाणी आधी 'कारस्थान करून' लिहिलं होतं, मग संयम म्हणून बदललं.

सकाळी निघण्याआधी सौ.ला वाचून दाखवलं. (संकल्प मोडला. प्रसंगच तसा.) सौ. म्हणाली की पाठवू नका. तिने विचारलं, की यादीकडे लक्ष द्यायचं नाही असं स्क्रिप्टला सांगितलंय, हे बाईंना माहीत होतं का? मी म्हटलं की तो तांत्रिक तपशील आहे. ती म्हणाली की ज्या बाईने एकच नाव लिहिलं, तिने एकच काम सांगितलं होतं. मी म्हटलं की तू कोणाच्या बाजूने आहेस. ती उठून आत गेली.

ऑफिसातून दुपारी १.१० वाजता पाठवलं. मन हलकं झालं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

चौकशीची मीटिंग अकराला. मी फाइल, छापलेली स्क्रिप्ट, सगळं घेऊन गेलो. बोलण्याची रंगीत तालीम जिन्यात केली होती.

आधी टेस्टरबाई बोलल्या. म्हणाल्या की चूक त्यांची आहे. कोणाचीही स्क्रिप्ट चालवण्याआधी उघडून वाचायची, हा टेस्टरचा नियम. त्यांनी ही वाचली नाही, कारण ती मी लिहिली होती. माझ्या स्क्रिप्टवर नऊ वर्षं डोळे झाकून बटण दाबलंय, म्हणाल्या. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर पहिल्या दिवसापासून घाईचं दडपण होतं, हेही ध्यानात घ्यावं, असं म्हणाल्या. मला उद्देशून. म्हणजे माझ्या वतीने.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पत्र त्यांच्या समोरच होतं, उलटं ठेवलेलं. विचारलं की तुम्हाला काही बोलायचंय का. माझ्याकडे चौदा मुद्दे होते. मी म्हटलं की नाही.

हाही डाव असू शकतो. चांगुलपणाचं नाटक करून मला गप्प बसवलं. असूच शकतो. पण लिहिताना तितकंसं पटत नाहीये.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पत्र परत घेता येतं का, हे साहेबांच्या असिस्टंटला सहज म्हणून विचारलं. म्हणाली की साहेबांनी मंगळवारीच ते टेस्टरबाईंनाही दाखवलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार येते त्याला दाखवावीच लागते म्हणे.

म्हणजे काल मीटिंगमध्ये त्या बोलल्या तेव्हा त्यांनी ते वाचलेलं होतं.

दुपारी जेवलो नाही. भूक नव्हती.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. दुपारी १२.३०

साहेबांनी बोलावलं. पद टेस्टरबाईंना दिलं.

मी म्हटलं की मला आधीपासूनच माहीत होतं. दार लावून पंचवीस मिनिटं काय चाललं होतं ते मी काचेतून बघितलंय.

साहेबांनी उठून दार लावलं. मग म्हणाले की त्या दिवशी मी त्यांना हे पद घ्या म्हणत होतो आणि त्या नको म्हणत होत्या. इथली प्रत्येक स्क्रिप्ट तुम्ही लिहिलीये, शाखांचा कोपरान् कोपरा तुम्हाला पाठ आहे, पद तुम्हालाच द्या, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या टेबलाकडे हात करून म्हणाल्या. सोमवारच्या गोंधळानंतर मी पुन्हा विचारलं, तेव्हाही नकोच म्हणाल्या. म्हणाल्या की एका चुकीवर सतरा वर्षं मोजू नका.

मग हो कधी म्हणाल्या, मी विचारलं. विचारायला नको होतं.

मंगळवारी दोन वाजता, साहेब म्हणाले. तुमचं पत्र वाचून खाली ठेवलं आणि म्हणाल्या की ठीक आहे, मी घेते.

मंगळवारी दोनपर्यंत पद माझं होतं. हिशेब सरळ आहे. ते माझ्याकडून दुसऱ्या कोणी काढून घेतलं असं कुठेच लिहिता येत नाही. तीनदा लिहून पाहिलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सौ.ला सांगितलं. तिने ताट वाढलं, लोणचं आठवणीने दिलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

बाईंना फोन करावा असं ठरवलं. नंबर लावला. त्यांच्याकडे पाहुणे असतील, म्हणून ठेवला.

मला फार वाईट वाटतंय. इथे लिहायला हरकत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी. दुपारी ४.१०

त्या सोमवारी साहेबांनी परत काढायला लावलेलं नवीन व्हर्जन आज रीतसर गेलं. अकराच्या अकरा, बेचाळीस मिनिटांत. स्क्रिप्ट टेस्टरबाईंनी दुरुस्त केली. एकूण चार ओळी. आलेली यादी तोडायची, जागा कापायच्या, नाव सापडलं नाही तर लाल अक्षरांत सांगायचं आणि तिथेच थांबायचं. माझं 'सर्व शाखा यशस्वी' काढलेलं नाही, पण आता ते मोजून म्हणते.

मी उघडून वाचली. सगळ्यात वर लेखक म्हणून माझंच नाव आहे. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव नाही.

उठलो आणि त्यांच्याकडे गेलो. सकाळपासून तालीम केली होती: पत्र, गैरसमज, माफी, या क्रमाने. प्रत्यक्षात एवढंच म्हणालो की वर माझं नाव राहिलंय, ते काढा, तुमचं घाला. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता उत्तर दिलं.

नऊ वर्षं ही बाई मला दादा म्हणत आली. आज म्हणाल्या, की असू द्या, सर.